थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्यात पॉवर सप्लाय: तापमान आणि आग यांची गल्लत नको

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत घरच्या घरी तयार करता येतील अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर लेख येत असतात आणि हौशी वाचक ते जपून ठेवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. या लेखांमध्ये एक सूचना मात्र वारंवार वाचायला मिळते: पॉवर सप्लायचे सर्किट बसवण्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर उष्णतारोधक प्लास्टिकचा डबा काढून घ्यावा. प्लास्टिक कोणते, ते किती अंशांपर्यंत टिकणारे, भिंत किती जाडीची आणि त्या डब्यात मेन्सचा, म्हणजे घरातल्या सॉकेटमधून येणाऱ्या विजेचा, भाग येणार की फक्त १२ व्होल्टचा, याबद्दल पुढे अवाक्षर नसते. पॉवर सप्लायची दुरुस्ती हे माझे रोजचे काम असल्यामुळे अशा डब्यांचे पुढे काय होते ते मला पाहायला मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

गरम झाल्यावर आकार टिकवणे आणि पेटल्यावर ज्योत विझवणे हे प्लास्टिकचे दोन निरनिराळे गुण आहेत, आणि एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये वापरले जाणारे एबीएस हे प्लास्टिक याचे सर्वांत ठळक उदाहरण. ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत कडक राहते आणि म्हणूनच गरम जागी वापरायचे प्लास्टिक अशी त्याची ख्याती आहे. परंतु आग रोखणारी द्रव्ये न मिसळलेले साधे एबीएस एकदा पेटले की काजळीचा काळा धूर सोडत, आपणहून न विझता जळत राहते. तापमानाच्या कसोटीला उतरलेला डबा आगीच्या कसोटीला सपशेल नापास होऊ शकतो, आणि मेन्सवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्याला दोन्ही कसोट्या पार कराव्या लागतात.

आधी तापमानाचा हिशेब पाहू. तो कागदावर मांडता येतो आणि तरीही फारसे कोणी मांडत नाही. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा म्हणजे ६० वॉटचा स्विचिंग सप्लाय घ्या. त्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर पूर्ण भाराला तो मेन्समधून सुमारे ६८ वॉट घेतो आणि त्यातले ८ वॉट उष्णतेच्या रूपाने आतच उरतात. हा सप्लाय १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच अशा बंद डब्यात ठेवला, तर त्या डब्याचा बाहेरचा पृष्ठभाग ४०० चौरस सेंटिमीटर भरतो. पंख्याविना, नुसत्या खोलीतल्या हवेत असा पृष्ठभाग दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे साधारण १० वॉट उष्णता बाहेर टाकू शकतो. गणित केले की डब्याची बाहेरची बाजू खोलीच्या तापमानापेक्षा २० अंशांनी वर जाते, असे दिसते. आतली हवा त्याहून आणखी १५ ते २० अंश गरम असते. खोली २५ अंशांवर असेल तर आत ६० ते ६५ अंश, आणि उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर आत ७५ ते ८० अंश. शिवाय डब्याचा तळ टेबलावर टेकलेला असतो, त्यामुळे तेवढा पृष्ठभाग हिशेबातून जवळजवळ बादच होतो. प्रत्यक्ष परिस्थिती कागदापेक्षा वाईटच असते.

अनेकांची समजूत असते की भिंत पातळ केली म्हणजे उष्णता भराभर बाहेर जाईल. प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक आहे हे खरेच आहे. ॲल्युमिनिअमच्या तुलनेत पीएलए हे प्रिंटिंगचे नेहमीचे प्लास्टिक हजारपटींहून अधिक मंद ठरते. तरीसुद्धा वरच्या उदाहरणात पीएलएच्या ३ मिलिमीटर जाडीच्या भरीव भिंतीमुळे पडणारा फरक चार-पाच अंशांचाच असतो. खरा अडथळा भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसलेल्या, न हलणाऱ्या हवेचा असतो. म्हणून भिंत अर्ध्याने पातळ करून जे साधत नाही, ते खाली आणि वर योग्य जागी झरोके ठेवून हवेला वाट करून दिल्याने साधते. पातळ भिंतीने ताकद मात्र जाते, आणि आगीच्या बाबतीत जाडीचे महत्त्व काय ते पुढे येईलच.

आता प्लास्टिकांकडे वळू. हौशी मंडळींचे सर्वांत लाडके फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, पीएलएचे असते. ते सहज प्रिंट होते, वाकत नाही, वास कमी येतो. पण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान त्याचा कडकपणा निघून जातो. म्हणजे वरच्या हिशेबातल्या ६० वॉटच्या सप्लायसाठी ते थंडीच्या दिवसांतही काठावरच आहे. पीईटीजी ७५ ते ८० अंशांपर्यंत तग धरते. एबीएस आणि त्याचे उन्हाला टिकणारे भावंड एएसए १०० अंशांच्या आसपास, आणि पॉलिकार्बोनेट १४० अंशांच्या पुढे. नायलॉनचे अनेक प्रकार आहेत आणि ते हवेतला ओलावा शोषून आपले गुण बदलतात, त्यामुळे त्याविषयी सरसकट एक आकडा सांगणे योग्य नाही. पीएलए भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून त्याची उष्णता सोसण्याची क्षमता वाढवता येते, हेही खरे. पण त्या प्रक्रियेत वस्तू आकसते आणि वेडीवाकडी होते, त्यामुळे स्क्रूची भोके आणि सॉकेटचे कटआउट जागच्या जागी जुळायला हवेत अशा डब्याला हा उपाय फारसा मानवत नाही.

फिलामेंटच्या माहितीपत्रकावर छापलेला तापमानाचा आकडा वाचतानाही सावध असावे लागते. प्लास्टिकची पट्टी दोन टोकांवर टेकवून, मध्यभागी ठरावीक भार देऊन तापवत न्यायची आणि ती ठरावीक प्रमाणात वाकली की तापमान नोंदवायचे, अशी ही चाचणी असते. तिच्यात ०.४५ मेगापास्कल आणि १.८ मेगापास्कल असे दोन भार प्रचलित आहेत. हलक्या भाराचा आकडा साहजिकच मोठा येतो आणि जाहिरातीत तोच छापला जातो. भार कोणता होता, हे लिहायचे राहून जाते. दुसरे असे की ही चाचणी थोड्या वेळात आटोपते, तर पॉवर सप्लाय महिनोन्‌महिने चालू असतो. सतत दाबाखाली असलेले प्लास्टिक मऊ होण्याच्या तापमानापेक्षा बरेच खालीसुद्धा हळूहळू सरकते. पीएलए या बाबतीत विशेष कच्चे आहे.

या सरकण्याचा परिणाम कसा दिसतो, ते एका उदाहरणाने सांगतो. पत्र्याच्या जाळीदार पेटीतले जे तयार सप्लाय मिळतात, त्यांची टर्मिनल पट्टी, म्हणजे वायरी स्क्रूने जोडायची जागा, उघडी असते. तिच्यावर बसवायचे झाकण प्रिंट करण्याची पद्धत आहे. त्यातच मेन्सचे सॉकेट, स्विच आणि फ्यूजही बसवतात. दुरुस्तीला आलेल्या अशाच एका सप्लायचे पीएलएचे झाकण मी उघडले, तेव्हा त्याची दोन्ही स्क्रूची भोके लांबट झालेली होती आणि स्क्रूच्या माथ्याखालचे प्लास्टिक खोलगट दबले होते. सॉकेटभोवतीची भिंत आतल्या बाजूला फुगली होती. बाहेरून पाहिले तर झाकण किंचित तिरके वाटत होते, एवढेच. पण सॉकेट आता झाकणाने धरलेले नव्हते. प्लग आत ढकलताना आणि बाहेर ओढताना पडणारा सगळा ताण आतल्या तीन वायरींवर येत होता आणि त्यामुळे न्यूट्रलच्या टर्मिनलचा स्क्रू सैल झाला होता. वायरीचे इन्सुलेशन टोकाशी तपकिरी पडून कडक झाले होते.

सैल जोड ही पॉवर सप्लायमधली सर्वांत कपटी गोष्ट आहे, असे माझे मत आहे. ज्या जोडाचा रोध नगण्य असायला हवा तो वाढून ०.०५ ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह जात असला, तर त्या एका जागी ५ वॉट उष्णता निर्माण होते. संपूर्ण ६० वॉटच्या सप्लायमध्ये मिळून ८ वॉट उष्णता होते असे वर म्हटले. इथे ५ वॉट वाटाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असतात. प्रवाह तेवढाच राहत असल्याने फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही. जोड तापतो, त्याच्या लगतचे प्लास्टिक आणखी मऊ होते, पकड आणखी ढिली होते आणि रोध आणखी वाढतो. या चक्राचा शेवट कुठे होणार, हे त्या जागी असलेले प्लास्टिक पेट घेते की विझते यावर ठरते.

म्हणून आगीची कसोटी. प्लास्टिकच्या ज्वलनशीलतेसाठी यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचे यूएल ९४ हे मानक जगभर वापरले जाते. त्यातल्या उभ्या चाचणीत १२५ मिलिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर रुंद पट्टी उभी टांगून तिच्या खालच्या टोकाला दोन वेळा, दर वेळी १० सेकंद ज्योत लावतात. व्ही-० श्रेणी मिळण्यासाठी ज्योत काढल्यावर पट्टी १० सेकंदांच्या आत विझली पाहिजे आणि तिच्यातून गळणाऱ्या थेंबांनी खाली ठेवलेला कापूस पेटता कामा नये. व्ही-१ ला ३० सेकंदांची मुभा आहे. व्ही-२ मध्येही ३० सेकंद, पण तिथे कापूस पेटला तरी चालतो. म्हणजे डबा विझेल, त्याचे जळते थेंब मात्र खालच्या वस्तूवर पडू शकतील. सर्वांत खालची एचबी श्रेणी तर आडव्या पट्टीवरची आहे आणि तिच्यात ३ मिलिमीटरपेक्षा पातळ प्लास्टिक मिनिटाला ७५ मिलिमीटर वेगाने जळत गेले तरी ते उत्तीर्ण होते. वर सांगितलेला १० सेंटिमीटरचा डबा त्या वेगाने दीड मिनिटाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जळू शकतो. हौशी वापराची बहुतेक साधी फिलामेंट या शेवटच्या श्रेणीच्या आसपासची असतात, किंवा त्यांची चाचणीच झालेली नसते.

आग रोखणारी द्रव्ये मिसळलेली फिलामेंट आता मिळतात आणि त्यांच्या रिळावर व्ही-० असे छापलेले असते. तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. ही श्रेणी नेहमी ठरावीक जाडीसाठी असते. ३ मिलिमीटरला व्ही-० ठरलेले प्लास्टिक १.५ मिलिमीटरला ती श्रेणी गाठेलच असे नाही. दुसरी गोष्ट, साच्यात ओतलेली भरीव पट्टी आणि प्रिंटरने थरावर थर चढवून केलेली, आत जाळी असलेली भिंत एकसारखी जळत नाही. पोकळ जागेत हवा असते, थरांच्या सांध्यांतून ज्योत वर चढते, आणि पट्टी आडवी प्रिंट केली की उभी, यानेही निकाल बदलतो. यूएलने प्रिंटिंगच्या साहित्यासाठी, प्लास्टिकच्या चाचण्यांचे निकाल नोंदवणाऱ्या नेहमीच्या यलो कार्डहून वेगळे ब्लू कार्ड ठेवले आहे, ते याच कारणाने. आतली भरण २० टक्के ठेवून फिलामेंट वाचवण्याची सवय खेळण्यांना ठीक आहे. मेन्सच्या डब्याची भिंत पूर्ण भरीवच हवी.

यावर कोणी म्हणेल, की फोनचे चार्जर आणि लॅपटॉपचे अ‍ॅडॉप्टरही प्लास्टिकच्याच बंद डब्यात असतात आणि त्यांना झरोकेही नसतात. आक्षेप रास्त आहे. त्यांची आवरणे बहुधा पॉलिकार्बोनेटची किंवा त्याच्या मिश्रणाची असतात, त्यात आग रोखणारी द्रव्ये असतात, ती साच्यातून भरीव निघालेली असतात आणि आतल्या सर्किटसह त्यांची परीक्षा घेतलेली असते. ही परीक्षा नुसती नेहमीच्या वापरातली नसते. आयईसी ६२३६८-१ या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी करताना एकेक बिघाड मुद्दाम घडवून आणतात: एखादा घटक शॉर्ट करतात, झरोके झाकतात, आउटपुटवर जादा भार टाकतात आणि तरीही आवरणाबाहेर आग येत नाही ना, ते पाहतात. घरगुती उपकरणांच्या मानकात आणखी एक साधी पण कठोर चाचणी आहे. ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी २० न्यूटन बलाने प्लास्टिकवर तासभर दाबून ठेवतात. बाहेरच्या आवरणासाठी किमान ७५ अंश आणि विद्युतभारित भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसाठी किमान १२५ अंश तापमानाला. उमटलेला खड्डा २ मिलिमीटरपेक्षा मोठा असून चालत नाही. वर वर्णन केलेल्या झाकणाने मेन्सचे सॉकेट धरले होते, म्हणजे त्याच्याकडून १२५ अंशांची अपेक्षा होती, आणि ते होते ६० अंशांचे.

बिघाड नसतानाही आतले काही घटक मुळातच तापणारे असतात, हे डब्याचे डिझाइन करणाऱ्याने ध्यानात घेतले पाहिजे. मेन्सच्या बाजूला सुरुवातीलाच चकतीच्या आकाराचा एक थर्मिस्टर असतो. चालू करतानाचा प्रवाहाचा धक्का शोषणे हे त्याचे काम, आणि तो गरम राहिला तरच त्याचा रोध कमी राहतो. पूर्ण भाराला त्याचे अंग १०० अंशांच्या वर असणे स्वाभाविक आहे. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन बहुधा १३० अंशांच्या वर्गातले असते, त्यामुळे ९०-१०० अंश त्याला सुखाने सोसतात. त्याला टेकलेल्या पीईटीजीच्या भिंतीला सोसत नाहीत. थर्मिस्टरच्या शेजारी व्होल्टेजच्या उसळ्या शोषणारा व्हॅरिस्टर असतो, तो जुना झाला की स्वतःच तापून पेटू शकतो. या तिघांपासून भिंत शक्य तितकी दूर हवी, आणि त्यांच्या थेट वर तर कोणतेही साधे प्लास्टिक नको.

इन्सुलेशनबद्दल थोडक्यात. प्रिंट केलेल्या भिंतीत थरांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहू शकतात, त्यामुळे तिची वीज अडवण्याची क्षमता त्याच प्लास्टिकच्या भरीव भिंतीएवढी धरता येत नाही. कार्बन फायबर मिसळलेली फिलामेंट कडक असतात, दिसायला देखणी असतात, पण कार्बन विजेचा वाहक आहे. मेन्सच्या डब्यासाठी ती वापरूच नयेत. झरोके अरुंद ठेवावेत. तपासणीसाठी वापरतात त्या नकली बोटाचा व्यास १२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर असते, आणि ते आतल्या विद्युतभारित भागाला लागता कामा नये. अनेक सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूचा हीटसिंकही, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडाही, विद्युतभारित असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मऊ पडून फाकलेल्या झाकणातून लहान मुलाचे बोट नेमके तिथेच पोचू शकते.

थ्रीडी प्रिंटरला माझा विरोध नाही. मीही तो वापरतो. माझ्या मते मेन्सची बाजू अर्थिंग केलेल्या धातूच्या पेटीत किंवा चाचणी झालेल्या तयार अ‍ॅडॉप्टरमध्येच ठेवावी आणि प्रिंट केलेला डबा अ‍ॅडॉप्टरच्या पुढच्या, कमी व्होल्टच्या सर्किटसाठी वापरावा. तिथेही उष्णतेचा हिशेब सुटत नाही: १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा साधा लिनिअर रेग्युलेटर १ अँपिअरला ७ वॉट उष्णता करतो, म्हणजे जवळजवळ आपल्या ६० वॉटच्या सप्लायएवढी. डबा बंद करण्याआधी आत ट्रान्सफॉर्मर किंवा रेग्युलेटरजवळच्या भिंतीला थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरीचे, टोक चिकटवावे, पूर्ण भार लावावा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत, म्हणजे सहसा एक-दोन तास, वाट पाहावी. आलेल्या आकड्यात आपल्या सर्वांत उष्ण दिवसाचा फरक मिळवावा. तो प्लास्टिकच्या मऊ होण्याच्या तापमानापेक्षा किमान २० अंश खाली असेल, तरच ते प्लास्टिक निवडावे. असा डबा आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्याही पथ्यावर पडतो, कारण तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

फिलामेंट विकणाऱ्यांनी रिळावर तापमानाच्या आकड्यासोबत चाचणीचा भार, आणि आगीच्या श्रेणीसोबत जाडी छापावी, अशी मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी. आपल्या पुरवणीकडून मात्र माझी अपेक्षा त्याहून लहान आणि लगेच पुरी होण्याजोगी आहे. ज्या लेखात मेन्सला जोडायची वस्तू असेल, त्यात डब्याच्या प्लास्टिकचे नाव, पूर्ण भाराला आत मोजलेले तापमान आणि आगीची श्रेणी या तीन गोष्टी लेखकाकडून मागून घ्याव्यात, आणि त्या मिळाल्या नाहीत तर त्या जागी तयार अ‍ॅडॉप्टर वापरण्याची सूचना छापावी.

आपला,
पॉवर सप्लाय दुरुस्त करणारा एक वाचक